काही तक्रार नाही

४ जानेवारी
आज अध्यक्ष झालो. निवडणूक नव्हती, पाळी होती. माजी सैनिक सल्लागार मंडळात सहा संघटना आहेत आणि दरवर्षी खुर्ची एकीकडून दुसरीकडे जाते. यंदा पायदळाचा नंबर होता, आणि आमच्या संघटनेत सरकारी कागद वाचायला आवडणारा मी एकटाच. टाळ्या मात्र मनापासून झाल्या.

मावळते अध्यक्ष आरमारातले. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. कपाटाची किल्ली देताना म्हणाले, "एक लक्षात ठेवा. आपण सरकारकडे काही मागत नाही. आपण सल्ला देतो. ते ऐकून घेतात आणि मग त्यांना हवं तेच करतात."

"मग आपला उपयोग काय?"

"ऐकताना त्यांना बसून राहावं लागतं ना."

नियम साधे आहेत. सहाही हात वर झाले तरच शिफारस खात्याकडे जाते. एक हात खाली राहिला तर विषय संपला. गेलेल्या शिफारशीला खात्याने अधिवेशनाआधी उत्तर द्यायचं असतं.

मला एकच शिफारस पाठवायची आहे. निवासाची लिफ्ट. म्हाताऱ्या सैनिकांसाठी सरकारने बांधलेली ही इमारत. लिफ्ट चालू होती तेव्हा ज्यांना चालता येत नाही त्यांना दुसऱ्या मजल्यावर ठेवलं, कारण दवाखाना तिथे होता आणि हवाही चांगली. मग लिफ्ट बंद पडली. दवाखाना खाली आला. माणसं वर राहिली. खाली आता त्यांच्यासाठी जागा नाही. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की आचारी आणि माळी वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधून उतरवतात. मागच्या महिन्यात आचाऱ्याचा पाय घसरला. खुर्चीत आमचे कवायतीचे उस्ताद होते. खुर्ची कठड्याला अडकली म्हणून वाचले.

हे काम यंदा होईल. मला खात्री आहे.

हिला सांगितलं. म्हणाली, "अभिनंदन. आता डॉक्टरांकडे कधी जाणार?"

दोन गोष्टींचा संबंध कळला नाही.

११ जानेवारी
उस्तादांना भेटायला गेलो. जिन्यात दोनदा थांबलो. भिंतीला ओल आली आहे, ती नीट बघून ठेवायला हवी होती.

मी भरती झालो तेव्हा मिसरूड फुटत होतं. कवायत शिकवायला उस्ताद होते. त्यांचं नाव आम्हाला निवृत्तीपर्यंत ठाऊक नव्हतं. आता गुडघ्याखाली पाय वाळले आहेत, पण खाटेवर पाठ भिंतीला न टेकता बसतात.

"बूट कुणी पॉलिश केले?"

"मीच."

"दिसतंय."

खिडकीतून झाडाचा फक्त शेंडा दिसतो. खाली बाकावर पत्ते चालू होते. उस्ताद म्हणाले, "रणगाड्यातला हरतोय. तो हरायला लागला की खोकतो." पूर्वी ते स्वतः त्या बाकावर बसायचे.

मी लिफ्टचं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी कर."

"तुमच्यासाठीच."

"मला काय धाड भरली आहे? मी मजेत आहे."

१९ जानेवारी
पहिली बैठक. लिफ्टवर सहा हात मिळवायचे होते. वाटलं त्यापेक्षा जास्त बोलावं लागलं.

विमानदलाच्या प्रतिनिधीने सुरुवातीलाच अडवलं. "लिफ्ट ही देखभालीची बाब आहे. आपण धोरणावर सल्ला देतो. उद्या नळ गळतो म्हणून शिफारस कराल."

मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्त राग आला. कप्तान छताकडे बघत होते. त्यांना होड्यांच्या परवान्याचा विषय आधी हवा होता.

सोडवलं ते ताईंनी. त्या शहिदांच्या पत्नींच्या संघटनेच्या. मंडळात बाई एकच, त्यामुळे त्यांना वाट बघायची सवय आहे. सगळ्यांचं झालं की बोलतात. म्हणाल्या, "लिफ्ट हा शब्दच काढा. असं लिहा: सरकारच्या कुठल्याही निवासात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला, वाटेल तेव्हा, कुणाच्या खांद्यावर न बसता खाली येता आलं पाहिजे. आता हे देखभालीचं आहे का?"

विमानदलवाल्यांनी ते वाक्य स्वतःशी पुटपुटून पाहिलं. "नाही. हे धोरण आहे."

"आणि लिफ्ट?"

"ती आपोआप येईल."

कप्तानांना मी पुढच्या बैठकीत परवान्याचा विषय पहिला घेण्याचा शब्द दिला. सहा हात वर झाले. आमचे सचिव सिग्नलमध्ये होते, नावही तेच पडलं आहे. प्रत्येक वाक्याला पेन वर धरून "नोंदवू?" विचारतात. मी म्हणालो, नोंदवा.

खात्याच्या उपसचिव बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. बैठकीला खात्याचा माणूस असावाच लागतो. बहुतेक जण मोबाईल बघतात. या लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी निवासाची पाहणी करीन. खात्याचं मत पाहणीवर ठरेल. नऊ फेब्रुवारीला येते."

पाहणी. मनात म्हटलं, झालंच काम. आयुष्यभर आम्ही दुसरं काय केलं?

२ फेब्रुवारी
आठवडाभर निवासात आहे. जिन्याच्या भिंती खरवडून रंग लावला. ओल दिसत नाही. अंगणातला पाला उचलला. खाटा एका रेषेत आणल्या, त्यासाठी उस्तादांनी दोरी धरायला लावली. स्वतः खाटेवरून हुकूम देत होते. इतके खुश त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

लिफ्टचं दार गंजलं आहे, फार वाईट दिसत होतं. समोर कुंड्या मांडल्या.

ताई बघायला आल्या. रंगाच्या डब्यांमधून वाट काढत दोन मजले फिरल्या.

"भाऊ, हे सगळं कशासाठी?"

"पाहणी आहे."

"ते कळलं. पण आपल्याला दाखवायचंय काय?"

"शिस्त. माणसं कुठल्या दर्जाची आहेत ते कळलं पाहिजे. मग कोण नाही म्हणेल?"

त्या पदराला लागलेला रंग पुसत बसल्या. त्या कधी गणवेशात नव्हत्या, त्यांना हे कळणं कठीण.

९ फेब्रुवारी
आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवतो.

बाई दहाला येणार होत्या. उजाडायच्या आत वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना उठवलं, दाढ्या केल्या, आणि आचारी, माळी आणि खालच्या मजल्यावरचे दोघे-तिघे धट्टेकट्टे, अशा सगळ्यांनी मिळून खुर्चीवरून एकेकाला उतरवलं. एकही चूक झाली नाही. साडेनऊला सगळे हॉलमध्ये रांगेत होते. छातीवर पदकं, मांडीवर हात. मी दारातून पाहिलं आणि नकळत सावधान उभा राहिलो.

बाई प्रत्येकापुढे थांबल्या. "कसे आहात? काही त्रास?"

"काही नाही, मॅडम."

"काही तक्रार?"

"काही तक्रार नाही."

एकाच आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. उस्तादांना त्यांनी विचारलं, "आजोबा, वर-खाली कसं करता?"

"करतो, मॅडम. अडचण नाही."

मी बाईंच्या शेजारीच उभा होतो. अभिमानाने फुगलो होतो, दुसरा शब्द नाही.

त्या वर जाऊन खोल्याही बघून आल्या. मी खाली थांबलो, रांगेकडे कुणी तरी लक्ष द्यायला हवं होतं. खोल्या रिकाम्या, चादरीला सुरकुती नाही. निघताना म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, मी बऱ्याच संस्था बघते. बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकावं."

वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे.

दुपारी जेवून घरी आलो आणि गाढ झोपलो. संध्याकाळी ताईंचा फोन. म्हणाल्या, "त्या बाईंनी मला विचारलं, लिफ्ट कुठाय? मी सांगितलं, कुंड्यांच्या मागे."

विनोद करायची त्यांची ही पद्धत आहे.

२७ फेब्रुवारी
खात्याचं उत्तर आलं. "निवासाची एकूण स्थिती उत्कृष्ट आढळली. रहिवाशांना ये-जा करण्यात अडचण असल्याचे दिसून आले नाही. सबब प्रस्तुत शिफारस चालू अधिवेशनात विचारार्थ घेण्याची आवश्यकता वाटत नाही."

तीनदा वाचलं. मग मोठ्याने हिला वाचून दाखवलं. बाई कशा पलटल्या बघ, म्हणालो. तोंडावर कौतुक आणि पाठीमागे हे.

ही भाजी निवडत होती. "त्यांनी काय पाहिलं?"

"सगळं पाहिलं. मी स्वतः दाखवलं."

"मग तेच लिहिलंय की."

मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही.

"नसेल," ती म्हणाली. "पण परवा डॉक्टर घरी आले होते, तेव्हा तुम्ही काय केलंत? आंघोळ केलीत, इस्त्रीचा शर्ट घातलात, आणि दारापर्यंत त्यांना पोचवायला गेलात. ते म्हणाले, तब्येत छान आहे. आत येऊन अर्धा तास खुर्चीत बसून होतात."

उगाच विषय बदलते.

१ मार्च
झोप नाही. कुंड्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. कुणी लावल्या? मी.

४ मार्च
चुकलं ते दुरुस्त करायचं. रडत बसण्याचा माझा स्वभाव नाही. मंडळाला तातडीची बैठक बोलावता येते, खात्याला माणूस पाठवावाच लागतो, आणि अधिवेशन अजून तीन आठवडे चालणार आहे. फक्त या वेळी रहिवाशांनी बोललं पाहिजे.

म्हणून आज त्यांना तक्रार शिकवायला गेलो. दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत बराच वेळ गेला. वाटेत माळी भेटला, त्याच्याशी बोलत बसलो. खाटा ओढून गोल केला. म्हणालो, समजा मी उपसचिव आहे. काय त्रास आहे?

तोफखान्यातला एक पाय नसलेला म्हणाला, "लिफ्ट नाही, मॅडम."

"छान. मग?"

"मग काही नाही. चालतं."

"चालतं नाही म्हणायचं."

"बरं. चालत नाही, पण चालवून घेतो."

दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा याचा पाय बघा, त्याला जास्त गरज आहे." ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याने तिसऱ्याकडे दाखवलं. अशा रीतीने गरज गोल फिरून पहिल्याकडे आली.

उस्ताद हसत होते. "अरे, चाळीस वर्षं आम्ही यांच्या तोंडून हे काढून टाकलं. तू एका दुपारी परत घालणार?"

"मग कसं करायचं, उस्ताद?"

"मला काय विचारतोस? अध्यक्ष तू आहेस."

६ मार्च
बोलू नका. ठीक आहे. बैठकीची जागा ठरवणं अध्यक्षांच्या हातात असतं. तातडीची बैठक चौदा तारखेला, निवासाच्या दुसऱ्या मजल्यावर, उस्तादांच्या खोलीसमोरच्या व्हरांड्यात. सगळ्यांनी चढून यायचं. खात्यानेही. नंतर रहिवाशांना दवाखान्यात कसं उतरवतात ते बसून बघायचं. रंग नाही, रांग नाही. लिफ्टच्या दारासमोरच्या कुंड्या काढल्या.

ताईंना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "हे बरोबर आहे, भाऊ." मग, "तुम्ही चढाल ना?"

म्हणालो, मी पायदळातला आहे.

१४ मार्च
आजचं आजच लिहायचं.

अकराला सगळे जमले. कप्तान, विमानदलवाले, ताई, सिग्नल आणि बाकीचे पुढे गेले. उपसचिव बाई माझ्याबरोबर चढल्या. पहिल्या मजल्यावर थांबून मी त्यांना रंग दाखवला. त्या म्हणाल्या, रंग मागच्या वेळी पाहिला. पुढे निघालो. अर्ध्या जिन्यात कठडा धरला. कठड्याचं लाकूड जुनं आणि चांगलं आहे असं काहीतरी सांगणार होतो. शब्द आला नाही.

"त्रास होतोय का?"

"नाही. काही नाही."

त्या थांबल्या. "मागच्या वेळी हॉलमध्ये मी प्रत्येकाला हेच विचारलं. प्रत्येकाने हेच सांगितलं. ह्याच आवाजात."

मी पायरीवर बसलो. बसायचं ठरवलं नव्हतं. बाईही एक पायरी सोडून बसल्या, आणि पर्स मांडीवर घेऊन वाट बघत राहिल्या.

"होतोय," मी म्हणालो. "बरेच महिने. मला वर जाता येत नाही."

म्हणून झाल्यावर काही घडलं नाही. वर कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेवढाच.

वरून कप्तान डोकावले. "अध्यक्ष, सगळे बसलेत. येताय?"

"नाही. तुम्ही या."

तर सगळे खाली आले आणि पायऱ्यांवर बसले, ताई माझ्या शेजारी. त्यांनी पाण्याची बाटली हातात दिली आणि माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. सिग्नलने पेन वर धरलं. "बैठकीचं ठिकाण काय लिहू?"

"जिना."

"कारण?"

"अध्यक्षांना वर जाता आलं नाही."

"नोंदवू?"

"नोंदवा."

तेवढ्यात वर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आली. आचाऱ्याने उस्तादांना तिथवर ढकलत आणलं होतं. त्यांच्यामागे चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, उरलेले सगळे.

"अरे, तिथे का बसलास?"

"दम लागला, उस्ताद."

"कधीपासून?"

सांगितलं.

"मग बोलायचं नाहीस?"

"तुम्ही बोललात कधी?"

 बाई उभ्या राहिल्या आणि वर बघत म्हणाल्या, "आजोबा, परत विचारते. काही त्रास?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. हनुवटी वर, मांडीवर हात. "बोलायची परवानगी आहे?"

रांगेतला माणूस परवानगीशिवाय बोलत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं. नऊ फेब्रुवारीला मी त्या रांगेशेजारी उभा होतो आणि कुणाला ती दिली नव्हती.

"आहे," मी म्हणालो. "सगळ्यांना."

उस्तादांनी घसा साफ केला आणि चहापासून सुरुवात केली. चहा वर येईपर्यंत गार होतो. जेवणही. औषध खाली आहे आणि ते द्यायला येणारी नर्स दिवसातून एकदा चढते, तिचाही दोष नाही, तिचे गुडघे गेलेत. खुर्चीतून उतरताना मागे डोकं आणि पुढे पाय, त्यामुळे पडणार तर तोंडावर, हे आधीच कळतं. अंगणात गेल्याला वर्ष झालं. मग तोफखान्यातला. मग मागचे, एकमेकांना तोडत. एकाची उशी. एकाला मुलगी भेटायला येते, तिचे पाय अधू आहेत, म्हणून ती खालून हाक मारते आणि तो वरून उत्तर देतो. बोलायचं असतं ते सगळ्या इमारतीसमोर कसं बोलणार? त्यावर व्हरांड्यात हशा पिकला, तोही हसला. बाई उभ्यानेच लिहीत होत्या. एकदा म्हणाल्या, "जरा सावकाश." कुणी ऐकलं नाही.

"आणि हा," उस्ताद म्हणाले. बोट माझ्याकडे. "त्या दिवशी अंधारात उठवून आम्हाला खाली नेलं. पाहणी झाली. हा जेवून घरी गेला. वर न्यायला माणसं उरली नव्हती. सगळ्यांचे खांदे गेलेले. ती रात्र आम्ही हॉलमध्ये काढली. खुर्च्यांवर."

मी आचाऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस."

सिग्नलचं पेन वर होतं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, फक्त बघत राहिले.

"नोंदवा," मी म्हणालो. "सगळ्यात आधी ती रात्र."

मग हात वर करायला सांगितले. सहा. जिन्याच्या वरच्या तोंडाशीही हात वर झाले. त्यांना मताचा अधिकार नाही, पण त्यांना तसं सांगायला कुणी उठलं नाही. बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "पाहणीचा अहवाल मी दुरुस्त करीन. लिफ्टचा विषय याच अधिवेशनात जाईल. नर्सचं मी आज सांगू शकत नाही."

"ते पुढच्या बैठकीत," ताई म्हणाल्या.

"होड्यांच्या नंतर," कप्तान म्हणाले.

घरी आलो तेव्हा ही दारातच होती. म्हणालो, उद्या डॉक्टरांकडे जाऊ, इस्त्री करू नको.

२ एप्रिल
लिफ्टला मंजुरी मिळून आठवडा झाला. जुनी काढायचं काम सोमवारी सुरू झालं. मला डॉक्टरांनी जिने बंद केले आहेत, गोळ्या दिल्या आहेत, आणखी तपासण्या आहेत. बरा होईन असं म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

रोज संध्याकाळी निवासाच्या अंगणात जाऊन उभा राहतो. उस्ताद खिडकीशी येतात. त्यांना खाली येता येत नाही, मला वर. आज ओरडून म्हणाले की मिस्त्री दुपारभर हातोडे घालतात, डोळ्याला डोळा लागत नाही, हे काय चालवलंय, अध्यक्षांनी ताबडतोब लक्ष घालावं.

म्हणालो, घालतो.